थांब. पाय. मंग जाय.

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढं काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात तीसुद्धा कागद डाव्या हातानं असा दाबून धरतात की जणू तो पळून जाईल. वार्षिकांकासाठी 'आठवणीतली व्यक्ती' या विषयावर मजकूर द्यावा, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी दोन दिवस तिच्याकडं न बघितल्यासारखं करून पुढं गेलो. थोर माणसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ज्यांच्यावर लिहितो आहे ते थोर होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणतील, "मोजलं का?" आणि ते मी मोजलेलं नाही.

आणखी एक. या माणसाशी मी एकदा खोटं वागलो. ते वगळून लिहिलं तर हे दुसरं खोटं होईल. म्हणून तेही लिहितो.

आमचं गाव वरठीच्या पुढं, मोठ्या लाईनच्या अंगाला आहे. घरं आणि शाळा रुळांच्या अलीकडं. अर्ध्या गावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पलीकडं, आणि भंडाऱ्याला जाणारी एसटी थांबते तो रस्ताही पलीकडंच. मधली वाट रुळांवरून जाते. त्या वेळी तिथं फाटक नव्हतं. हावड्याकडून येणारी गाडी वळणावरच्या पळसांतून एकदम बाहेर पडते, आणि वारा उलटा असला तर तिचा आवाजही तिच्यासोबतच येतो.

आमच्या शाळेच्या या गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. पुढं मी भंडाऱ्याच्या कॉलेजात जायला लागलो तेव्हा रोज एसटीसाठी तिथून जायचो-यायचो, आणि परत येताना वाटेकडेच्या पळसाच्या बुंध्याशी, काळी छत्री उघडून, गुरुजी बसलेले असायचे. शाळा सुटल्यावर तासभर, आणि रविवारी सकाळभर. मांडीवर एक पिशवी असे. तिच्यात फुटाणे आणि लाखोरी सरमिसळ. लाखोरी म्हणजे धान निघाल्यावर ओल्या बांधीत आम्ही पेरतो ती डाळ. रुळाशी येऊन जो थांबला त्याचा एक फुटाणा गुरुजींच्या उजव्या खिशात जाई. न थांबता गेला त्याची एक लाखोरी डाव्या खिशात.

याची सुरुवात अशी झाली. एका वर्षी रेल्वेकडून एक साहेब शाळेत आले. त्यांनी चित्रांचा तक्ता टांगला, हिंदीत भाषण केलं, पोरांकडून 'रुको, देखो, फिर जाओ' तीन वेळा म्हणवून घेतलं, इतक्या मुलांना शिकवलं अशा कागदावर गुरुजींची सही घेतली आणि चहा पिऊन गेले. त्या सहीनं गुरुजींची झोप उडाली.

"शिकवले असं लिवून नेलं त्याइनं," ते मला सांगायचे. "आता शिकवले म्हंजे काय? मी पाढे शिकवतो तं पाढे विचारून पायतो. हे कुठी विचारू? हे तं रुळावरच विचारा लागते."

म्हणून ते रुळाशी जाऊन बसले. विचारत काहीच नसत. नुसते बघत.

गावात हसणारे होतेच. आमच्या शेजारचे एक म्हातारे बैलगाडी रुळाशी आणून मुद्दाम उभी करायचे आणि ओरडायचे, "गुरुजी, थांबू का जाऊ? मले कोन्या खिशात टाकता?"

"तुमाले नाही मोजत गा," गुरुजी म्हणायचे. "तुमी मले पाहून थांबता."

हीच त्यांची मोठी अडचण होती. ते बसले की लोक थांबत. ते नसले की काय होतं, हे त्यांना बसून कळणार नव्हतं. म्हणून ते लपायला लागले. एकदा डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावर बसले. पण छत्री सोडवली नाही, ती भाऱ्यातून वर आली होती. शेळ्या चारायला नेणाऱ्या बाया जाता जाता म्हणाल्या, "गुरुजी, लपून राहिले का? मंग आमी पायलंच नाही म्हना."

दुसरी अडचण फुटाण्यांची होती. बसल्या बसल्या हात खिशात जायचा. एका सोमवारी त्यांनी गंभीर चेहऱ्यानं मला सांगितलं, "काल किती थांबले ते नाही सांगता येत. पाच-सहा जण म्या खाल्ले असतील." आणि पावसाळ्यात एकदा त्यांचा सदरा दोन दिवस ओला लोंबत राहिला, तर डाव्या खिशात लाखोरीला मोड आले. त्यांच्या घरच्या बाई तो सदरा घेऊन ओट्यावर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घ्या, न थांबनाऱ्याइचं पीक आलं."

मला त्यांनी या कामात घेतलं ते टक्केवारीसाठी. कॉलेजात मला संख्याशास्त्राचा एक पेपर होता. त्यातलं मला किती समजत होतं ते देव जाणे, पण गावात मी एकटाच कॉलेजात जाणारा. गुरुजी म्हणाले, "तू टक्का काढून दे, बापा. साहेबाले टक्का लागते." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिकण्याचा कुणाला तरी उपयोग होत होता. मी दर रविवारी रेघा मारून तक्ता करायचो आणि खाली मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही आकडे लिहायचो. इंग्रजीची गरज नव्हती.

पहिले आकडे वाईट होते. पोरं वर्गात 'रुको, देखो' पोपटासारखं म्हणायची आणि रुळावरून धावत जायची. गुरुजींनी विचार केला की ही हिंदी पोरांच्या आत जात नाही. पुस्तकी मराठीत 'थांबा, पहा' म्हणावं तर तीही पोरांच्या घरची नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की माय ओट्यावरून जसं सांगते तसंच लिहायचं. शाळेच्या भिंतीवर आणि रुळाजवळच्या दगडावर त्यांनी गेरूनं ठळक लिहिलं:

थांब. पाय. मंग जाय.

आमच्याकडं 'पाहा'ला 'पाय' म्हणतात. हे नागपूरच्या पलीकडच्या वाचकांसाठी सांगतो.

आमची बोली भिंतीवर आलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. लोक येऊन उभे राहायचे. माझ्या वडिलांनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि ऐकून हसले. "हे तं मीच बोललो," म्हणाले.

आणि आकडे सुधारले. दर आठवड्याला उजवा खिसा जड आणि डावा हलका होत गेला. पोरं रुळाशी येऊन थांबायलाच लागली. गुरुजी लपले तरी थांबत. ते साहेब पुन्हा आले तेव्हा गुरुजींनी त्यांना माझा तक्ता दाखवला. साहेब खूश झाले. म्हणाले, नीट अहवाल पाठवा, आकडा असाच असेल तर लाईनीवरच्या सगळ्या शाळांतून हेच शब्द लिहवून घेऊ. त्या दिवशी गुरुजींनी मला घरी नेऊन पोहे खाऊ घातले. बाई म्हणाल्या, "आज खिशातले नाही देत, डब्यातले फुटाने देतो."

अहवाल माझ्या अक्षरात तयार झाला. पाठवायच्या आधीच्या आठवड्यात गुरुजींना ताप आला, आणि मोजायला मी बसलो.

गुरुजी पळसामागं, पोरांच्या पाठीशी, बरेच लांब बसायचे. नजरही अधू झालेली. मी एसटीतून उतरून येत असल्यामुळं पलीकडंच, रुळाच्या अगदी जवळ, बांधावर बसलो. तिथून पोरांचे चेहरे दिसत होते. पहिलं पोर आलं. थांबलं. उजवा पाय उचलून रुळावर ठेवला, काढला, आणि गेलं. मला काही वाटलं नाही. दुसरं आलं. थांबलं, पाय ठेवला, गेलं. तिसरं, चौथं. एकानंही इकडं-तिकडं बघितलं नाही. मान सरळ. देवळाच्या पायरीशी करावं तसं सगळं नेमानं चाललं होतं. वळणाकडून शिट्टी ऐकू आली, गाडी बरीच लांब होती, तरी एका पोरानं पाय ठेवायचं काम घाईत उरकलं आणि पळालं. मान त्यानंही वळवली नाही.

माझ्या हातात फुटाणे होते. ते सगळे थांबले होते, म्हणून मी फुटाणे टाकत राहिलो.

मी तीन दिवस कुणाला बोललो नाही. गुरुजी आजारी आहेत, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की तक्ता माझा होता आणि तो सुंदर होता. चौथ्या दिवशी मात्र रात्रभर डोळ्यांपुढं लाईनीवरच्या सगळ्या शाळा आल्या, प्रत्येक भिंतीवर गेरूची तीच अक्षरं, आणि सकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो.

"गुरुजी, पोरं थांबतात, पण पाहत नाहीत."

"मंग काय करते?"

"पाय ठेवते."

ते हसले. "पाय तं ठेवतीलच. उडून जातील का?" मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांचं हसणं थांबलं.

अंगात कणकण असताना ते माझ्याबरोबर आले. छत्री मिटलेली होती. तिसरीतली एक मुलगी बापाची शिदोरी डोक्यावर घेऊन आली, थांबली, तिनं पाय रुळावर ठेवला, काढला, आणि पलीकडं आली. गुरुजी तिच्याजवळ चालत गेले.

"काहून वो बाई, रुळावर पाय काहून ठेवला?"

"लिवलं हाये ना, गुरुजी."

"कुठी?"

तिनं दगडाकडं बोट केलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं. "थांब. पाय. मंग जाय."

"पाय म्हंजे?"

इतका सोपा प्रश्न कसा विचारतात, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पाय उचलून दाखवला. "हा."

"घरी तुही माय म्हनते, इकडं पाय. तवा तू काय करतं?"

"इकडं पायतो."

"मंग हे तेच नोहे का?"

"ते बोलाचं हाये, गुरुजी," ती म्हणाली. "हे लिवलेलं हाये. पुस्तकात चित्र हाये ना पायाचं. तुमीच तं शिकवलं."

"आन् मुंडी काहून नाही फिरवली?"

"मुंडीचं कुठी लिवलं हाये?"

गुरुजी बांधावरच बसले. घरात बोललेला शब्द भिंतीवर गेला की तो पुस्तकाचा होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर रोज घरी एक भाषा ठेवून दुसऱ्या भाषेच्या कॉलेजात जात होतो. थोड्या वेळानं त्यांनी उजव्या खिशातले सगळे फुटाणे काढून त्या मुलीच्या ओंजळीत घातले. म्हणाले, "खाय. हे चुकीचे निघाले."

त्याच दिवशी त्यांनी खरवडून तो शब्द काढला आणि लिहिलं: 'थांब. मुंडी फिरव. मंग जाय.' तेव्हापासून गावात त्यांचं नाव मुंडीगुरुजी पडलं. मोजणीतही बदल झाला. आता तिसरा खिसा आतून शिवून घेतला आणि त्यात उडीद. जो थांबला पण ज्यानं मान वळवली नाही, त्याचा उडीद.

"हा उडीदच सगळ्यात धोक्याचा," ते म्हणायचे. "लाखोरीवाल्याले मालूम असते का आपन चुकलो. उडीदवाल्याले वाटते, आपलं बरोबर हाये."

अहवाल त्यांनी मला नव्यानं लिहायला लावला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'मुले थांबतात पण पाहत नाहीत; चूक मुलांची नसून लिहिणाराची आहे; तरी हे शब्द अन्यत्र कोठेही लिहवू नयेत.' त्याला उत्तर आलं नाही. मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "गुरुजी, आता बाकीच्या शाळांत काहीच लिहिणार नाहीत."

"नाही लिवनार," ते म्हणाले. "मले आज झोप लागंल."

त्यांची एक सवय मी अजून सांगितली नाही. गुरुजी कुणालाही हाक मारत नसत. वर्गात, रस्त्यावर, कुठंच नाही. काम असलं तर उठून त्या माणसापर्यंत चालत जायचे आणि त्याच्या समोर उभे राहून बोलायचे. आम्ही पोरं याची नक्कल करायचो. एकदा मी रुळाच्या या बाजूनं पलीकडच्या मित्राला मोठ्यानं हाक मारली, तेव्हा गुरुजींनी येऊन माझं मनगट धरलं. आधी मला वाटलं ते रागावले.

मग सांगितलं. मी लहान असताना गावातली एक म्हातारी रुळावर गेली, हे मला ऐकून माहीत होतं. गुरुजी तेव्हा शाळेच्या दारात उभे होते. वळणातून गाडी निघालेली त्यांना दिसली, आणि त्यांनी जीव खाऊन हाक मारली. "तिनं ऐकलं," गुरुजी म्हणाले. "आन् माह्याकडं पायलं. हसली. हात केला." ती शाळेच्या बाजूला बघत होती. गाडी दुसऱ्या बाजूनं आली.

तो तास त्यांनी काही मोजलं नाही.

माझं बी.ए. झालं त्याच वर्षी गुरुजींची बदली वैनगंगेच्या पल्याड, करडीच्या बाजूला झाली. तिथं चारी दिशांना धान आणि तलाव, रेल्वे नाहीच. मी एम.ए.ला नागपूरला आलो. जाण्याआधी त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली. "मी गावात नाही, हे आता साऱ्याइले मालूम हाये," ते म्हणाले. "आता खरं मोजता येईल. तू सुट्टीत येशीन तवा एक डाव मोजजो. मले कार्ड टाकजो."

पहिल्या दिवाळीत मी गावी गेलो, चार दिवस राहिलो, आणि मोजलं नाही. कापणी चालू होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. नागपुरात चार महिने राहून आल्यावर छत्री घेऊन पळसाखाली बसायची मला लाज वाटली. परत आल्यावर गुरुजींचं कार्ड आलेलं होतं: 'मोजणी झाली असल्यास कळवावे.' मी वसतिगृहाच्या खोलीत बसून उत्तर लिहिलं. वीस माणसं, त्यांपैकी एकोणीस जणांनी मान वळवली. एक मी सोडला, खरं वाटावं म्हणून.

आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं. 'आकडा फार चांगला आहे. इतका चांगला आकडा मला कधीही आला नव्हता. तरी पुन्हा मोजावे.'

एवढंच. खाली नेहमीसारखा आशीर्वाद.

ते कार्ड मी पुस्तकात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. दोन-तीन महिने गेले, मग उन्हाळा गेला. त्यांचंही पुन्हा कार्ड आलं नाही. मग गावाकडून कळलं की गुरुजींना झटका आला, उजवी बाजू गेली, त्यांचं बोलणं कुणाला समजत नाही, आणि त्यांच्या मुलीनं त्यांना जवाहरनगरला, तिच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवलं आहे.

त्या शनिवारी मी गावी गेलो आणि रविवारी पहाटेच रुळाशी जाऊन बसलो. छत्री नेली नाही. पिशवी नेली. पँट-शर्टातल्या मला लहान पोरांनी ओळखलं नाही. रेल्वेचा माणूस असेल असं समजून ती पुढं गेली. गेरूची अक्षरं दगडावरून जवळजवळ गेली होती. 'मुंडी' तेवढं वाचता येत होतं. मी दुपारपर्यंत बसलो आणि एकही फुटाणा खाल्ला नाही. ती शिदोरीवाली मुलगीसुद्धा आली, आता बरीच उंच झालेली, कडेवर कुणाचं तरी पोर. ती थांबली. आधी तिनं स्वतः दोन्हीकडं बघितलं. मग त्या पोराची हनुवटी धरून त्याची मान एकदा इकडं आणि एकदा तिकडं फिरवली. पोराला तो खेळ वाटला, ते हसत होतं. मी दोन फुटाणे टाकले.

संध्याकाळी वरठीच्या स्टेशनावर बसून कार्ड लिहिलं. मुलीच्या क्वार्टरचा पत्ता माझ्याकडं नव्हता, म्हणून करडीचाच घातला. 'गुरुजींना सा. न. मागचा आकडा मी मोजलेला नव्हता. मनानं लिहिला होता. आज मोजला. एकोणीसपैकी तेरांनी मुंडी फिरवली. तीन उडीद, तीन लाखोरी. क्षमा असावी.' त्या मुलीचं आणि पोराचं लिहायचं होतं, पण कार्डावर जागा उरली नाही.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. आलं ते त्यांच्या मुलीच्या अक्षरात होतं. लिहिलं होतं की, कार्ड आधी जुन्या पत्त्यावर करडीकडं गेलं, तिथून फिरत परवा पोचलं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी खुणेनं पुन्हा वाचायला लावलं. मग डाव्या हाताची बोटं बराच वेळ मोजत राहिले. आम्हाला वाटलं, त्यांना काही हवं आहे. पाणी दिलं, ते त्यांनी हातानं दूर केलं. रात्री जेवताना महिनाभरानं पहिल्यांदा त्यांचे शब्द आम्हाला समजले. तुम्हाला कळवायला सांगितलं आहे, म्हणून लिहिते. बाबा विचारतात, "बाकीचे सहा कोन होते?"